आपल्यातली

"त्या सरसोंच्या तेलापायीच काढलंय मागच्या बायेक," विमलाकाकी म्हणाल्या. "केसांक चोपडून येय. घरभर वास. भय्यीण मेली!"

अक्षता "होय तर" म्हणाली आणि काकींच्या गुडघ्यांना खोबरेल चोळत राहिली.

मुलुंडच्या या तिसऱ्या मजल्यावर तिला कामाला लागून आठ महिने झाले होते. सकाळी आठ ते रात्री आठ काकींचं सगळं बघायचं. काकींच्या मुलाने, राजेशने, तिला घेताना एकच अट घातली होती, बाई कोकणातली हवी. खरं तर अट आईची. सहा महिन्यांत म्हातारीने तीन बायका पळवून लावल्या होत्या. एक गोरखपूरची, एक दरभंग्याची, आणि तिसरी कुठली ते कळायच्या आतच गेली.

अक्षता सावंत मात्र टिकली. मालवणी फाडफाड बोलायची, तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं करायची. काकी बोटं चाटून जेवायच्या आणि म्हणायच्या, "आपल्यातली ती आपल्यातली!"

फक्त ती अक्षता नव्हती आणि सावंतही नव्हती. तिचं नाव सुनैना यादव. माणसं बिहारची, सिवानकडची. जन्म भांडुपच्या डोंगरावरच्या चाळीतला, शाळा म्युनिसिपाल्टीची मराठी, शेजार सगळा मालवणी. त्याच शेजारातल्या श्वेता सावंतने राजेशला बिनधास्त ठोकून दिलं होतं, "माझी मावसबहीण आहे." नवऱ्याचा कारखाना बंद पडल्यापासून दोन पोरांचं घर सुनैनाच्या या एका नोकरीवर उभं होतं.

भीती एकच होती. काकींचं माहेर म्हणे कुडाळकडचं. त्यांनी गावाकडचं खोदून विचारलं असतं तर ती पहिल्या प्रश्नातच सापडली असती. पण काकी माहेराचा विषय काढत नसत. तिकडचं कोणी उरलं नाही, असं राजेश म्हणायचा.

दिवाळीच्या आधी सोसायटीने नोटीस लावली. घरकामाच्या सगळ्या बायकांची आधार कार्डं ऑफिसात जमा करा.

"अक्षता, आधार?" राजेश रोज विचारायचा.

"विसरले दादा."

"अगं, किती विसरशील? रविवारपासून वॉचमन गेटवरच अडवेल तुला. मग माझ्या हातात काही नाही हं."

झालं, वाट लागली. ती रात्र रात्र जागी राहू लागली. आणि त्यात छठ आली.

शनिवारी टीव्हीवर तलावाकडे निघालेली गर्दी दाखवत होते. डोक्यावर टोपल्या, खांद्यावर ऊस.

"इले बघ मेले, आमचो तलाव घाण करूक," काकी कडाडल्या. "तुमच्या गावाक जावा म्हणा!"

"बंद करू टीव्ही?"

"ऱ्हवांदे. आवाज वाढव जरा. गाळी घालूक बरां पडतां."

सुनैनाने आवाज वाढवला. आदल्या संध्याकाळपासून तिच्या तोंडात पाण्याचा थेंब नव्हता. उपासाचं कोणाला सांगायची सोय नव्हती.

"चाय नाय घेतलंस ती?" काकींनी विचारलं.

"पोट बिघडलाहा."

"आणि पाणी?"

तिने काकींचा रिकामा कप उचलला. काकी तिच्याकडे बघत राहिल्या, मग भिंतीकडे वळल्या.

"चार वाजता जा घराक. उद्याय उशिराच ये. आजारी बाई माका नको हय."

सुनैनाने मनातल्या मनात देवाचे आभार मानले. सुट्टी कशी मागायची याचीच तिला काळजी होती.

संध्याकाळी तिने तलावात उभं राहून मावळत्या सूर्याला अर्घ्य दिलं, पहाटे उगवत्याला. नाकाच्या शेंड्यापासून भांगापर्यंत केशरी शेंदूर. पाण्याबाहेर आली तर एक बाई समोर पदर पसरून उभी. चांगल्या घरची दिसत होती, पण छठचा प्रसाद असा मागूनच घ्यायचा असतो. सुनैनाने तिच्या पदरात कणीक-गुळाचा तळलेला ठेकुआ घातला, चार श्वेतासाठी कागदात बांधून घेतले. मग नळावर शेंदूर खसाखसा धुतला.

तिथेच तिचं ठरलं. खोटं आता पुरे. तिने खरं आधार कार्ड पर्समध्ये टाकलं आणि मुलुंडला निघाली. गेटवर वॉचमनने अडवलं नाही, याचं तिला नवल वाटलं.

दार राजेशने उघडलं. तो हसतच होता.

"तुझं आधार गेलं खड्ड्यात! आईने काल सेक्रेटरीला फोनवर असा झापलाय. 'माझ्या माहेरची पोर आसा ती, तिचे कागद मागूचे नाय.' तो बिचारा सॉरी सॉरी करत होता. मला बोलली नाहीस कधी, तू आईच्या माहेरची ते?"

 आता तर खोटं दुप्पट झालं होतं. राजेश आंघोळीला गेला आणि सुनैना थेट काकींच्या खोलीत शिरली. काकी उशीला टेकून बसल्या होत्या.

"काकी, मी तुमच्या माहेरची नाय. सावंत पण नाय. मी खोटं बोलले." तिने कार्ड पुढे केलं. "पोरं आहेत हो माझी. काढायचं तर काढा, पण श्वेताला काही बोलू नका."

काकींनी कार्डाकडे बघितलंही नाही.

"दार लाव," त्या म्हणाल्या.

तिने दार लावलं. बाथरूममधून नळाचा आवाज येत होता. काकींनी तो नीट ऐकून घेतला. मग दोन्ही हातांनी पदर तिच्यापुढे पसरला.

"परसाद ना देबू?" त्या हळूच म्हणाल्या, सुनैनाच्या घरच्या बोलीत. "माई के मरला के बाद केहू ना देलस."