मोकळं नाक

"थांब. तिथंच थांब," आतून भोजराजचा बोबडा आवाज आला.

दुलारीचा एक पाय उंबऱ्यावर होता. गोंदियात नाकाचं ऑपरेशन करून, महिनाभर लेकीकडे राहून ती आत्ताच परतली होती. लेक रिंकी पिशवी घेऊन मागं उभी होती.

तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन दुलारीचा नवरा भोजराज याच्या गालात कॅन्सर झाला होता आणि आता गाल सडत चालला होता. भेटायला येणारे नाकाला पदर लावून ओसरीवरूनच परत जात. सख्खा भाऊ बकाराम दारातून ताट सरकवी. एकटी दुलारी जवळ बसायची, जखम धुवायची, पेज भरवायची. गाव तिचे गोडवे गाई. खरी गोष्ट एवढीच, की तिला वासच येत नव्हता. नाकात द्राक्षांच्या घडासारखे मऊ कोंब वाढले होते. ते दुखत नव्हते, पण श्वास आणि वास दोन्ही अडवून बसले होते. औषधानं दबेनात, जीव गुदमरायला लागला, तेव्हा "जा, काढून ये" असं भोजराजच म्हणाला होता.

येताना कोहमाऱ्याच्या फाट्यावर बस थांबली. भज्यांचा वास आला आणि दुलारी भर बसमध्ये आनंदानं रडली होती.

आता उंबऱ्यावर आतला कुजका वास तिच्या नाकात शिरला. तिनं चौकट घट्ट धरली.

"वास येऊन रायला ना तुले?" भोजराजनं गालावर हात दाबत विचारलं.

"कायचा वास? कायी नायी येत. डाक्टरनं फुकटच कापलं."

रिंकी आईकडे बघतच राहिली. तिनं पिशवीतून नाकात मारायचा फवारा काढला. रोज मारला नाही तर कोंब परत वाढतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"माय, हे तरी..."

"वासच नायी येत तं फवारा कायले मारू? ने तुह्या घरी."

दुलारी आत गेली. खाटेजवळ बसून तिनं जखम धुतली, पेज भरवली. भोजराज वाटीभर पेज प्याला.

"बरं झालं," तो म्हणाला, आणि लगेच ओशाळला. बायकोचं ऑपरेशन फुकट गेलं म्हणून बरं वाटावं, याची त्याची त्यालाच लाज वाटली.

दुपारी थकलेल्या दुलारीला तिथंच, खाटेवर डोकं टेकून झोप लागली. इतकी वर्षं ती तोंड उघडं टाकून घोरायची आणि सारं घर हसायचं. आज तोंड मिटलेलं होतं. श्वास नाकातून सुरळीत चालला होता. मधेच झोपेत तिचं नाक आक्रसलं आणि तिनं मान पलीकडे वळवली.

भोजराज बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग आवाज न करता त्यानं कूस बदलली आणि तोंड भिंतीकडे केलं.