नकाशातला हिरवा

प्रतिभाताईंनी नकाशावर बोट टेकवलं आणि बराच वेळ काढलंच नाही.

"हिरवा," त्या म्हणाल्या. "खंडेरावांचा मळा हिरवा आहे."

महापालिकेच्या विभागीय कार्यालयात शहराचा प्रारूप विकास आराखडा भिंतीवर लावला होता. इंदिरानगरच्या पलीकडचा सगळा पट्टा पिवळा होता. पिवळा म्हणजे घरं, एवढं तोवर मळ्याशेजारच्या त्यांच्या अख्ख्या कॉलनीला पाठ झालं होतं. त्या पिवळ्यात दीड एकराचा एकच तुकडा हिरवा. कॉलनीचे अध्यक्ष किशोर देवरे यांनी त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. कोणता रंग कशाचा ते सांगणारी नकाशाची सूची खालच्या कोपऱ्यात होती. तिच्यापुढे कोणीतरी लोखंडी कपाट आणून ठेवलं होतं. ते सरकवा, असं कोणी म्हटलं नाही.

दोन महिने कॉलनी धास्तावलेली होती. मळ्यावर बारा मजली इमारती येणार, असं कानावर आलं होतं. मग पाणी कसं पुरणार, गाड्या कुठे लागणार, गॅलरीतून शेवंतीऐवजी दुसऱ्यांची वाळत घातलेली धुणी दिसणार. प्रतिभाताईंचं तर रोजचं चालणंच मळ्याच्या बांधावरून. परतताना गोजराबाई त्यांच्या ओंजळीत देवासाठी फुलं घालायच्या.

त्या संध्याकाळी ताई पेढे घेऊन मळ्यात गेल्या. खंडेराव आणि गोजराबाई बाजारासाठी शेवंती क्रेटमध्ये भरत होते. खंडेरावांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. हरकतीचा कोरा अर्ज होता. मुदत महिन्याची होती.

"मग हा भरायचा का नाय, ताई?"

"कशाला? तुम्हाला हवं तेच दाखवलंय. मळा मळाच राहणार."

"कुणी हात लावणार नाय?"

"नाही. मी स्वतः नकाशा पाहिला."

"अहो, तीस वर्षं भूगोल शिकवला त्यांनी," गोजराबाई नवऱ्याला म्हणाल्या. "तुमच्यासारखं हाय का, द्वारकेच्या चौकात बसमधून उतरायचं आन् घर कोणत्या अंगाला ते रिक्षावाल्याला विचारायचं?"

खंडेराव हसले. त्यांनी अर्ज उलगडून क्रेटवर पसरला आणि पेढे त्यावर मांडले.

कॉलनीने मात्र अर्ज केला. बिल्डर लोक खटपट करतील आणि हिरव्याचं पिवळं होईल, अशी किशोरना भीती होती. 'सदर जागेचा हिरवा रंग कायम ठेवावा.' मजकूर प्रतिभाताईंचा, पहिली सही त्यांची. खाली आणखी दोनशे अकरा.

सुनावणी चार महिन्यांनी लागली. नोटीस ताईंच्या नावाने आली. खंडेरावांना बोलावणं नव्हतं, पण ते धुतलेली टोपी घालून किशोरच्या गाडीतून आले आणि मागच्या खुर्चीवर बसले.

अधिकाऱ्यांनी अर्ज चाळला. "उद्यानाचं आरक्षण कायम ठेवा, असंच ना? चांगली सूचना आहे. मान्य व्हायला काही अडचण दिसत नाही."

"उद्यानाचं?"

"हा गडद हिरवा आहे ना. शेतीचा फिका असतो, तो या भागात ठेवलेलाच नाही." त्यांनी टेबलावरचा नकाशा फिरवून पुढे केला. इथे सूची झाकलेली नव्हती. "महापालिका जागा ताब्यात घेईल. लॉन, चालायला ट्रॅक, मुलांना झोपाळे. तुमच्याच सोयीचं."

"आणि मळा?"

"उद्यानात मळा कसा राहील, मॅडम? मालकाला मोबदला मिळेल. त्यांची काही हरकतही आलेली नाही."

"आता घेता येईल?"

"मुदत कधीच संपली."

वर्गात एखादी मुलगी घाईने नकाशा वाचायला लागली की प्रतिभाताई छडीने फळ्याचा कोपरा वाजवायच्या. आधी सूची, मग तोंड. आता त्या सूचीकडे बघत होत्या. चौकोन लहान होते, पण अक्षरं स्वच्छ होती.

खंडेराव मागून पुढे झुकले. "काय म्हणतेत सायब? झालं ना काम?"

"खंडेराव, माझं चुकलं," ताई मागे वळून म्हणाल्या. "हिरवा म्हणजे उद्यान. तुमचा मळा जातोय."

खंडेरावांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. "आन् तो कागद?" एवढंच त्यांनी विचारलं. ताईंना उत्तर ठाऊक होतं. पेढे त्यांनीच नेले होते.

त्या पुन्हा टेबलाकडे वळल्या. "ही जागा पिवळी दाखवली, तर ती कोणाची राहते?"

"मालकाची. फुलं लावो नाहीतर इमारत बांधो, त्याची मर्जी. पण तुमची मागणी तर नेमकी उलटी आहे."

"मला ती बदलता येईल?"

"तुमचं म्हणणं बोला. नोंद घेतो. समिती विचार करेल."

किशोर त्यांच्या कानाशी आले. "मॅडम, काय करताय? तिथे उद्यान होतंय, आपल्या दारात! अर्जावर दोनशे बारा सह्या आहेत."

"दोनशे अकरा," प्रतिभाताई म्हणाल्या.

त्यांनी पर्समधून पेन काढलं आणि अर्जावरच्या पहिल्या सहीवर आडवी रेघ ओढली. मग अर्ज अधिकाऱ्यांसमोर सरकवला.

"लिहून घ्या, साहेब. पिवळं करा."