बिनसाखरेचा कप

"माह्या माणसाची माफी तुम्ही सव्वीस वर्षं दाबून ठेवली, साहेब!"

मालूबाईच्या हातात प्रभुभोजनाचा ट्रे होता. येशूच्या आठवणीत भाकरीच्या तुकड्यासोबत घ्यायच्या, मनुका उकळून केलेल्या रसाचे चाळीस इवलेसे कप. तो टेबलावर ठेवायचा आणि गुपचूप बायकांच्या बाजूला जाऊन बसायचं, इतकंच तिचं काम. तिनं ट्रे ठेवला नाही. बुऱ्हाणपूरच्या त्या छोट्या चर्चमधली सगळी डोकी तिच्याकडे वळली.

साहेब पूर्वी इथलेच पाळक, म्हणजे पाद्री. आता वरच्या कमिटीत गेलेले. मंडळीतल्या माजी सैनिकाला शाल पांघरायला आज मुद्दाम आले होते. तो माजी सैनिक म्हणजे मालूबाईचा नवरा, हवालदार सुकलाल. कडक इस्त्रीचा शर्ट, छातीवर पदकं, आणि पहिल्या बाकावरून बायकोला डोळ्यांनीच "बस, बस" करत होता.

सुकलालला शुगर आहे, हे सगळ्या मंडळीला पाठ होतं. नव्याण्णवच्या लढाईतून रजेवर आला तेव्हापासून. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ट्रे समोर आला की तो मान हलवायचा आणि पुढे सरकवायचा. मालूबाईनं त्याच्यासाठी एक कप बिनसाखरेचा करून पाहिला. "मनुकांतही साखर असते ना," म्हणाला. आणि रस नाही तर भाकर तरी एकटी कशी घ्यायची? घरी चहा फिका. नाताळच्या करंजीला हात नाही. बरं, नाताळची कोंबडीही मालूबाईच कापायची. सुरी बाहेर निघाली की हवालदार मागच्या दारानं पसार. शेजारची सुलभा दरवर्षी ओरडायची, "पळा काका, कोंबडी आली!" तोही हसायचा.

काल शनवारा मोहल्ल्यात तपासणीचं शिबिर होतं. दोघांनी बोटं टोचून घेतली. नर्स पोरगी कागद बघून हसायलाच लागली. "अम्मा, बाबा को शुगर कहाँ है? शुगर तो आपको है!"

 मालूबाईनं घरी येऊन चहा टाकला, त्याच्या कपात तीन चमचे साखर घातली आणि समोर आदळला.

"प्या."

तो प्यायला. 

"सव्वीस वर्षं फिका चहा? एका खोट्यापायी?"

"तुले खरं कळलं असतं तर तू रडली असती, मालू."

"अन् आता काय हसून राहिली मी?"

मग त्यानं सांगितलं. वरच्या डोंगरावर, खडकाआड, शत्रूकडचा एक जण बूट काढून बसला होता. थंडीनं गारठलेले पाय चोळत. सुकलालला पाहून त्याचे हात हलले. वर होत होते की बंदुकीकडे जात होते, ते कळायच्या आत सुकलालनं गोळी झाडली. एवढंच. तो माणूस अजून अनवाणी बसलेला दिसतो, म्हणाला. आणि पुढे जे सांगितलं, ते ऐकून मालूबाई रात्रभर कूस बदलत राहिली. पहाटे उठून तिनं चर्चसाठी मनुका उकळल्या.

"मालूबाई, शांत व्हा," साहेब आता मायेनं म्हणाले. "देशासाठी शस्त्र उचललं, ते पाप नव्हे. येशूकडे शतपती आला होता, शंभर शिपायांचा अधिकारी. त्याला येशूनं तलवार टाक म्हटलं का?"

"अन् आपल्या शिष्याले, पेत्राले, म्हटलं होतं ना, तलवार म्यानात घाल म्हणून?"

मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. साहेब हसले. "ती वेळ वेगळी होती, बाई. सुकलालनं खून नाही केला. तो वीर आहे आपला."

"हेच. अगदी हेच बोलले होते तुम्ही तेव्हा!" ट्रेमधले कप किणकिणले. "हे रजेवर आले, त्या रविवारी. तुम्ही यायच्या गळ्यात हार घातला, फोटो काढला. नंतर हे तुमच्या मागच्या खोलीत आले. गुडघ्यावर बसले. म्हणे, साहेब, माह्या हातून माणूस मेला, माह्यासाठी माफीची प्रार्थना करा. आठवते? तुम्ही पाठ थोपटली. म्हणे, उठ रे, वीराले कसली माफी? हे पापच नाही."

साहेबांच्या हातात शाल होती. ती ना पुढे येत होती, ना मागे जात होती.

"मी काही शिकलेली नाही, साहेब. लढाईत मारणं पाप का नाही, ते तुम्ही मोठ्या लोकांनी ठरवा. पण हा माणूस माफी मागायले आला होता. तुम्ही त्याले हार दिला. पापच नाही म्हटल्यावर माफी कशाची? अन् माफी नाही, तर भाकर कोणत्या तोंडानं घ्यायची? म्हणून शुगरचं निमित्त काढलं यायनं. तुमचं नाव कुठं काढलं नाही, तुमची लाज राखली अन् स्वतः फिका चहा पेत राहिले."

सुकलाल खाली मान घालून बसला होता. मालूबाई पुरुषांच्या बाजूला गेली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. लग्नात राहिली होती तशी, अगदी जवळ. ट्रेमधला कडेचा एक कप तिनं बोटानं पुढे सरकवला.

"हा यायचा कप. आज यात साखर घातली मी."

मग ती साहेबांकडे वळली.

"आता सांगा. प्यावा का यायनं?"