नुसती मान

सिसिलीच्या किनाऱ्यावरच्या चेफालूत संध्याकाळच्या फेरफटक्याचा एक रिवाज आहे. पहिल्यांदा भेटलात तर थांबून विचारपूस करायची. त्याच फेरीत पुन्हा दिसलात तर नुसती मान हलवायची. यात शेंबडं पोरही चुकत नाही.

महिनाभराच्या आजारपणानंतर गास्पारे आज प्रथमच घराबाहेर पडला. चर्चच्या पायऱ्यांपाशी मासळीवाल्या सारिनानं नुसती मान हलवली. बेकरीवाल्यानंही तेच केलं. गास्पारेला काही कळेना. न्हावी नुन्त्सियोनंही मान हलवली, तेव्हा मात्र गास्पारेनं त्याला अडवलं.

"महिन्यानं दिसतोय मी. बरे आहात का, एवढंही विचारवत नाही तुला?"

"काका, मघाशी अर्धा तास तेच तर बोलत होतो आपण," नुन्त्सियो हसला. "आणि काठी कुठं विसरलात?"

गास्पारेनं जन्मात कधी काठी धरली नव्हती.

तो तिथूनच घरी वळला. दाराशी एक काठी टेकवून ठेवलेली होती. तिची मूठ हाताला कोमट लागली. त्यानं घंटी वाजवली.

त्याच्या बायकोनं, फिलिप्पानं, दार उघडलं. त्याच्याकडे पाहून तिनं नुसती मान हलवली आणि दार लावून घेतलं.