टिटवीची नवी जागा

"अंडी कुठायत?" आईने विचारलं.

समोर तळं काठोकाठ भरलं होतं. काल संध्याकाळपर्यंत तिथे वाळलेल्या चिखलाचा उघडा पट्टा होता, त्यावर खडे, आणि खड्यांमध्ये टिटवीची चार अंडी. आता तिथे नुसतं पाणी होतं आणि पाण्यात मंडपाच्या रंगीत पताका हलत होत्या.

मुलाने आधी इकडेतिकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. बागेचा इंजिनिअर तोच. शहराने कचरा टाकून बुजवलेलं तळं त्याने पुन्हा उभं केलं होतं. आज उद्घाटन होतं, त्यात त्याचा सत्कारही व्हायचा होता, म्हणून आईला पहिल्या रांगेत, सोफ्याच्या शेजारच्या खुर्चीवर आणून बसवलं होतं. तिच्या नव्या चपला तिला चावत होत्या.

"आहेत की. एकही फुटलेलं नाही," तो म्हणाला. "ती बघ, तिकडे बेटावर."

तळ्याच्या मधोमध मातीचं एक टुमदार बेट केलं होतं. त्यावर टोपलीभर खडे पसरले होते आणि 'पक्ष्यांसाठी राखीव' अशी पाटी रोवली होती. आईने कपाळावर हात आडवा धरून पाहिलं. बेट होतं, पाटी होती. टिटवी नव्हती.

टिटवी मंडपासमोरच होती. काल जिथे घरटं होतं, बरोब्बर त्याच जागेवर ती पाण्यालगत घिरट्या घालत होती आणि जिवाच्या आकांताने ओरडत होती. तिचा नर काठावरून तुरुतुरु धावत यायचा, पाण्याशी थबकायचा आणि मागे फिरायचा.

"तू म्हणाला होतास, पिल्लं निघेपर्यंत पाणी सोडणार नाही."

"म्हणालो होतो. साहेबांनी तारीखच अलीकडे घेतली, त्याला मी काय करू? चिखल दाखवून उद्घाटन करतं का कुणी?" मग तो जरा नरमला. "आई, दुसरा कुणी असता तर त्याने सरळ बुडवली असती. मी काल संध्याकाळी स्वतः गुडघे टेकून एकेक अंडं उचललं. कमरेएवढ्या पाण्यातून तिकडे नेलं. आधीपेक्षा चांगली जागा दिलीय तिला. तिथे कुत्रं नाही, मांजर नाही, कुणाचा पाय पडायचा नाही."

यात खोटं काहीच नव्हतं. त्याने तळहाताच्या फोडासारखी जपून अंडी नेली होती. खालचे खडेसुद्धा तिथलेच वेचून नेले होते. शिकलेला माणूस चूकही किती नीटनेटकी करतो!

रोज सकाळी आई या काठावरच्या बाकावर येऊन बसायची. सूनबाई शेजारणीला हसून सांगायची, "आमच्या सासूबाई टिटवीकडे ड्युटीला गेल्यात." पहिले काही दिवस टिटवी तिला पाहून आरडाओरडा करायची. हल्ली आई आली तरी ती अंड्यांवरून उठत नसे. मानसुद्धा वळवत नसे.

"मग ती तिकडे जात का नाही?" आईने विचारलं.

"जाईल गं. सवय व्हायला वेळ लागतो."

आईने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. हे वाक्य तिने एकदा ऐकलं होतं. गाव पाण्याखाली जायच्या आधी धरणाचे साहेब तिच्याच अंगणात, तिच्याच खुर्चीवर बसून हेच बोलले होते. तेव्हा हा मुलगा तिच्या कडेवर होता. आता तिला मुलाचा राग आला असता तर बरं झालं असतं. तिला त्याची लाज वाटली.

गाड्या आल्या. फीत कापून झाली, टाळ्या झाल्या. प्रमुख पाहुणे माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आज पक्षी आपल्या हक्काच्या घरी परत आले आहेत." तेवढ्यात टिटवी मंडपावरून ओरडत गेली, वळली आणि पुन्हा आली. पाहुण्यांनी माइकवर हात धरला. त्यांनी हसून इंजिनिअरकडे पाहिलं.

"काय म्हणतेय ही?"

"तुमचं स्वागत करतेय, साहेब."

सगळा मंडप हसला. पुन्हा टाळ्या पडल्या, या वेळी जरा जास्तच.

आई हसली नाही. ती बेटाकडे पाहत होती. पाटीवर एक कावळा येऊन बसला होता. थोडा वेळ त्याने मान तिरकी करून खाली पाहिलं. मग तो खड्यांत उतरला. त्याच्या मागोमाग दुसरा उतरला. त्यांना हाकलायला तिथे कुणीच नव्हतं.

सत्कार झाला. खांद्यावर शाल घेऊन मुलगा आईपाशी आला, पाठोपाठ फोटोग्राफर. "आजी, जरा सरकून उभ्या राहा, मागे बेट येऊ द्या," तो म्हणाला.

आई उभी राहिली. मुलाने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिच्या कानाशी वाकला. "आई, आता तरी हस. चांगली जागा दिलीय ना तिला."

"दिलीस," आई म्हणाली. "पण आम्हाला निदान नोटीस तरी आली होती."