पणजी सुटली

मूर्तिजापूरच्या शाळेत गुरुजींनी विचारलं, “मांडवीकाठची पणजी कोणाच्या ताब्यात?”

“माह्या बापाच्या!” देवका ताडकन उठली. “कोठीत कोंडते तिले. भाकर मांगतली की काठीनं झोडपते.”

वर्ग फिदीफिदी हसला. गुरुजींनी तिचे तळहात छडीनं सोलून काढले. “पोर्तुगीजांच्या, गधडे!”

एकसष्टच्या डिसेंबरात शाळेत पेढे वाटले. पणजी सुटली होती.

“कशी सुटली, गुरुजी?”

“चौदा वर्षं बोलून पाह्यलं. शेवटी फौजच घुसवा लागली.”

देवका तशीच पळत घरी आली अन् वरवंट्यानं कोठीचं कुलूप फोडलं. बाप काठी उगारून धावला. दुसरा घाव त्याच्या मनगटावर बसला, काठी गळून पडली.

 

पणजीच्या बोळक्या तोंडात पेढा कोंबत देवका म्हणाली, “चाल बुढे, फौज आली!”