लूथरची शेपूट

ढग टेकड्यांच्या खांद्यांपर्यंत उतरले होते, तरी मॅक्सिमने नदी सोडली नव्हती. खाली पाणी, वर ढग आणि मधल्या फटीत त्याचं चार माणसांचं विमान. अलास्कातल्या या खिंडीतून तो अकरा वर्षं ये-जा करत होता. एकदाही अर्ध्या वाटेवरून परतलो नाही, हे तो ज्याला त्याला ऐकवत असे.

"पोचवशील ना रे आज?" शेजारी बसलेल्या आगाफिया आजीने विचारलं. तिच्या मांडीवर वाळवलेल्या माशांची पिशवी होती. पलीकडच्या दवाखान्यात तिच्या नातीला कळा सुरू झाल्या होत्या.

"बाळाच्या आधी पोचवतो, आजी."

पुढे नदीला दोन दऱ्या येऊन मिळत होत्या. एक पलीकडे नेते, दुसरी तीन मैलांवर कड्याला जाऊन संपते. ढग उतरले की दोघींची तोंडं सारखीच. म्हणून इथले वैमानिक लूथरची शेपूट शोधत. लूथर फार पूर्वी इथे आपटला, पण त्याच्या विमानाची लाल शेपूट नेमकी पलीकडे नेणाऱ्या दरीच्या तोंडाशी उभी राहिली. ती कुणी हलवली नाही. शेपूट दिसली तर वळायचं, नाही दिसली तर मुकाट घरी जायचं.

धुक्यात लाल ठिपका दिसला.

"शेपूट दिसली, वळतोय," मॅक्सिमने रेडिओवर सांगितलं.

मागून दुसऱ्या विमानात टपाल घेऊन डार्सी येत होती. "तुझ्या भरवशावर येते हं मग."

"ये बिनधास्त!"

तो दरीत शिरला. आजीने काचेला नाक लावलं होतं.

"लूथरची शेपूट कधीपासून फडफडायला लागली रे?"

"काय?"

"अरे, पत्रा हलतो होय असा? जावयाची ताडपत्री आहे ती! गेल्या आठवड्यात माझ्याच अंगणातून उचलून नेली मेल्याने, शिकारीला. ते बघ, मांस टांगलंय."

मॅक्सिमने समोर पाहिलं. जमीन चढत होती, ढग उतरत होता. हात शिकवल्यासारखे चालले. दरीत तो नेहमी उजव्या भिंतीला चिकटून उडायचा. डावीकडची सगळी जागा मागे वळायला, अशाच दिवसासाठी मोकळी ठेवलेली असायची. त्याने वेग कमी केला, विमान डावीकडे झुकवलं. समोरचा कडा काचेतून सरकत गेला, इतका जवळून की खडकावरचं शेवाळ दिसलं. मग सगळं पांढरं. आजीने पिशवी छातीशी धरली.

पांढरं फाटलं आणि खाली पाणी दिसलं.

मॅक्सिमचा अंगठा रेडिओच्या बटणावर गेला आणि तिथेच राहिला. अकरा वर्षं. डार्सीला कळलं की संध्याकाळपर्यंत नदीकाठच्या प्रत्येक घरी कळणार.

"तू बोलतोस की मी बोलू?" आजी म्हणाली.

त्याने बटण दाबलं. "डार्सी, वळू नकोस. ती शेपूट नाही, ताडपत्री आहे. मी चुकलो."

नुसती खरखर. मॅक्सिमला आपला श्वास ऐकू येत होता.

"डार्सी!"

"अरे, मला पण लाल दिसतंय..."

"तेच ते! नदी सोडू नकोस. परत फिर, मीही येतोय."

पुन्हा खरखर. मग तिचा आवाज, एकदम बारीक. "फिरले."

नदीचा मोठा पट्टा खाली आला तसा मॅक्सिमला घाम फुटला. आजीने पिशवी सोडून माशाचा एक तुकडा मोडला आणि त्याच्या हातात दिला.

"बाळ काही थांबायचं नाही," ती म्हणाली. "पणजी उद्या पोचेल."

त्याने तुकडा चघळला. जरा वेळाने म्हणाला, "आजी, जावयाला सांगा, पुढच्या वर्षी निळी ताडपत्री न्या म्हणावं."

"तूच सांग की. उतरल्यावर आज सगळ्यांनाच सांगायचंय तुला."